हेड कोच, झेरॉक्स विभाग

आमच्या कॉलेजात फुटबॉलचा हेड कोच होणं म्हणजे इब्रीकडून हरेपर्यंतची नोकरी.

हे मी चेष्टेत म्हणत नाही. करारातच लिहिलेलं होतं, कलम चौदा: स्पर्धेत इब्रीच्या कॉलेजकडून हार झाल्यास हेड कोचचा करार पुढच्या कामाच्या दिवशी संपेल. कारण साधं होतं. आमच्या कॉलेजचे मालक आणि इब्रीच्या कॉलेजचे मालक एकमेकांचे साडू. ईदला दोघं एका ताटात जेवायचे आणि त्या वर्षी जिंकलेला साडू हरलेल्याच्या पुढ्यातला मटणाचा तुकडा उचलायचा, अशी पक्की बातमी होती. एका तुकड्यामागे एक कोच.

मी इव्हान. मूळचा वसईचा. ओमानात, मस्कतच्या टोकाला असलेल्या माबेलाच्या पुढच्या या कॉलेजात मी स्टुडंट अफेअर्सला असिस्टंट होतो. दरवर्षी कॉलेजच्या अंकात नव्या कोचचा परिचय लिहायचं काम माझ्याकडे असायचं. चार वर्षांत मी चार कोच लिहिले. सर्बियाचे कोच सरावाआधी मुलांकडून दगड उचलून घ्यायचे. दोन-एकने हरलो, रविवारी विमान. मोरोक्कोचे कोच स्वप्नात जशी टीम दिसेल तशी उतरवायचे. तीन-शून्य, रविवारी विमान. कोझिकोडचे कोच पोरांना पोटच्या मुलांसारखं वागवायचे, आणि पोरं बापाचं जितपत ऐकतात तितपतच त्यांचं ऐकायची. चौथे ट्युनिशियाचे, डॉक्टरेटवाले, लॅपटॉप घेऊन मैदानात उतरणारे. प्रत्येक परिचयाचं शेवटचं वाक्य एकच होतं: 'कॉलेजला त्यांच्याकडून फार अपेक्षा आहेत.' दुसऱ्या वर्षापासून मी ते टाइप करणं सोडलं, कॉपी-पेस्ट करायचो.

आता सादिकभाई. दापोलीकडचे, वय छत्तीस, कॉलेजच्या झेरॉक्स खोलीचे एकमेव कर्मचारी. कॉलेजात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे माझा अर्धा दिवस त्यांच्या खोलीत जायचा. त्यांचं लग्न दोन हजार बाराच्या सुट्टीत झालं, आणि ते जमलं व्हिसाच्या कॉपीवर. मुलीकडच्यांनी व्हिसा पाहिला. व्हिसावर धंदा लिहिला होता: फुटबॉल प्रशिक्षक.

ही करामत जयप्रकाशची. जयप्रकाश म्हणजे आमचा एचआर. ओमानमध्ये माणूस आणायचा तर एकेका धंद्याची वेगळी मंजुरी लागते, आणि सरळमार्गी कॉलेजं सुतार हवा असेल तर सुताराची मंजुरी काढून सुतार आणतात. आमच्याकडे जी मंजुरी शिल्लक असेल तिच्यावर जो माणूस हवा असेल तो यायचा. दोन हजार अकराला एक इजिप्शियन कोच इब्रीकडून हरून गेले, त्यांची मंजुरी मोकळी झाली, आणि झेरॉक्सवाला तर तातडीने हवा होता. तेव्हापासून सादिकभाई कागदावर फुटबॉल प्रशिक्षक, आणि खरे कोच उरलेल्या मंजुऱ्यांवर. सर्बियाचे शिंपी होते. मोरोक्कोचे वेल्डर. ट्युनिशियाचे डॉक्टरसाहेब सुतार.

सासरी 'मी झेरॉक्स काढतो' असं सांगायची हिंमत सादिकभाईंना लग्नाआधी झाली नाही, आणि लग्नानंतर फार उशीर झाला. साबेराभाभी दर शुक्रवारी फोनवर विचारायच्या, "मॅच झाली काय वो?" मग मॅच व्हायला लागल्या. त्या मॅच मी रचायचो. स्टुलावर बसून, समोरच्या मशीनकडे बघत. खेळाडूंची नावं हवी होती आणि डोळ्यांसमोर जे होतं तेच सुचलं. कॅप्टन टोनर अल बलुशी. गोलकीपर ड्रम अल हार्थी. लेफ्ट विंगला रोलर अल सियाबी, पोरगा चपळ पण मध्येच अडकणारा. सादिकभाई फोनवर ही नावं इतक्या सहज घ्यायचे, की मलाच कधीकधी रोलरच्या गुडघ्याची काळजी वाटायची. तीन वर्षांत सादिकभाई एक्केचाळीस मॅच खेळवून बसले होते, त्यातल्या सव्वीस जिंकलेल्या. दहा हरलेल्या आणि पाच बरोबरीच्या मी मुद्दाम घातल्या होत्या. खोटं असलं म्हणून काय झालं, त्यात प्रामाणिकपणा हवा.

दोन हजार पंधराचा एप्रिल उजाडला. महिन्याच्या तीस तारखेला साबेराभाभी आणि दोन वर्षांची उमामा पहिल्यांदाच व्हिजिटवर मस्कतला येणार होत्या. सादिकभाईंनी माबेलात एक खोली भाड्याने घेतली, पडदे लावले, आणि उमामाला हवी म्हणून गुलाबी बादली आणली.

सेमीफायनल गुरुवारी, नऊ तारखेला, इब्रीत, इब्रीशीच. सोमवारी स्पर्धेच्या कार्यालयाचं पत्र आलं: यंदापासून ज्याच्या बताक्यावर, म्हणजे रेसिडेंट कार्डावर, फुटबॉल प्रशिक्षक लिहिलंय तोच बेंचवर बसेल. असा माणूस नसेल तर टीम बाद.

ट्युनिशियाच्या सुतारांनी पत्र दोनदा वाचलं, शिट्टी टेबलावर ठेवली आणि त्याच संध्याकाळी सलालाच्या एका कॉलेजात रुजू व्हायला निघाले. जाताना ते हसत होते. चार वर्षांत हसत गेलेले पहिले कोच.

मंगळवारी सकाळी जयप्रकाश झेरॉक्स खोलीत आला. मला वाटलं कॉपी काढायला आला असेल.

"सादिक, मुबारक हो. तुम हेड कोच है."

सादिकभाई स्टेपलर मारत होते. एक पिन बोटात गेली. "क्या बोलता है, भाई?"

"बताका देखो अपना."

"बताका तुम्हीने बनाया!"

"अच्छा बनाया ना? चार साल में काम आ गया."

सादिकभाई माझ्याकडे वळले. "इव्हान, ह्याला समजाव. मी आयुष्यात बॉलला लाथ मारलेली नाय. मारली ती पण चुकून, आणि तो बॉल क्रिकेटचा होता."

मी जयप्रकाशला समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, हरकत नाही, तसं लेखी द्या: मला फुटबॉल येत नाही. मग कुणीतरी विचारेल, मग तुम्ही फुटबॉल प्रशिक्षक म्हणून या देशात चार वर्षं काय करताय?

सादिकभाईंनी बोटातली पिन उपटून काढली.

"आणि हरलो तर?" सादिकभाईंनी विचारलं.

जयप्रकाशने दोन हजार अकराला सादिकभाईंनीच सही केलेला करार पुढे केला. कोचचा छापील करार. कलम चौदाखाली त्याने पिवळा मार्कर मारून आणला होता. गुरुवारी हरलो तर रविवारी करार संपणार. विमान सादिकभाईंना घेऊन जाणार, आणि तीस तारखेचं विमान रिकाम्या खोलीकडे येणार. पडदे होतेच. बादली होतीच.

"यल्ला, चलो कोच," जयप्रकाश म्हणाला. "चार बजे प्रॅक्टिस."

चार वाजता मैदानात अठरा पोरं उभी होती. सगळी ओमानी, सगळी सादिकभाईंना ओळखणारी, आणि सगळ्यांना वाटलं की ते कसल्या तरी फॉर्मच्या कॉपी घेऊन आलेत. मजीद साहेबांनी, म्हणजे आमच्या प्रशासनाच्या प्रमुखांनी, ओळख करून दिली तेव्हा हिलाल नावाचा उंच स्ट्रायकर एवढा हसला की खाली बसला.

सादिकभाई माझ्या कानात म्हणाले, "ह्यो हिलाल. मशीन थांबली की बुक्की मारतो."

"बरं."

"तो तिकडचा याकूब. एकदा ट्रे निसटून दोनशे पानं उडाली, तर ह्याने खाली पडायच्या आत निम्मी पकडली. गोलात कोण उभा राहतो आपल्याकडे?"

"दुसराच कोणीतरी."

"का?"

याचं उत्तर ट्युनिशियाच्या लॅपटॉपमध्ये होतं. आणि लॅपटॉप सलालाला होता.

आणि मग मी खिशातून पेन काढलं. कारण सादिकभाई रांगेतून चालत एकेका पोराकडे बोट दाखवू लागले. हा रांगेत कोणालाच पुढे घुसू देत नाही, ह्याला मागे ठेव. ही दोघं भावंडं कायम एकमेकांचा नंबर धरतात, ह्यांना शेजारी ठेव. हा सगळ्यांची पानं गोळा करून ज्याची त्याला वाटतो, ह्याला मध्ये. चार वर्षं हा माणूस खिडकीतून पोरांची रांग बघत होता. कोण घुसतं, कोण अडवतं, कोण शेवटच्या मिनिटाला येऊन पण काम करून जातं, हे त्यांना पाठ होतं. आमच्या चारही कोचांनी पोरांना बॉलमागे पळताना पाहिलं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणीच पाहिलं नव्हतं.

शेवटी उरला फैसल. पाच फुटांचा, कायम राखीव.

"ह्यो कडेला," सादिकभाई म्हणाले. "ह्यो रोज येतो, रांगेत तीसजण असले तरी 'कोच, एकच पान आहे' म्हणत कडेने सरकतो आणि सगळ्यांच्या आधी काढून जातो. चार वर्षांत ह्याला कोण अडवू शकलेला नाय. मी पण नाय."

"तुम्हाला तेव्हा कोच कुठे म्हणायचा?"

"आता म्हणंल ना, मेल्या."

गुरुवारी सकाळी बस निघाली. इब्री म्हणजे तीन तासांवर, डोंगरांच्या पलीकडे, आणि एप्रिलमध्येच चुलीसारखं तापलेलं. सादिकभाईंच्या गळ्यात ट्युनिशियाची शिट्टी, मांडीवर ए-फोरचं एक रिकामं खोकं. त्यात ओले टॉवेल. का ते त्यांनाही सांगता आलं नाही, रिकामं खोकं नेलं तर बरं दिसत नाही म्हणाले. गेटवर बताका तपासला. तपासणाऱ्याने कार्डाकडे पाहिलं, सादिकभाईंकडे पाहिलं आणि सलाम केला. इजिप्शियन कोच गेल्यापासून पहिल्यांदाच असा कोच बेंचवर बसत होता ज्याची कागदपत्रं खरी होती.

स्टँडमध्ये दोन्ही साडू शेजारी शेजारी. मध्ये खजुराची थाळी.

पहिली पंचवीस मिनिटं, शपथेवर सांगतो, आम्ही इब्रीला नाचवलं! रांगेत कोणी घुसेना. भावंडं एकमेकांचा नंबर धरून उभी. याकूबने एक बॉल असा झेपावून पकडला की मी ओरडलो, "दोनशे पानं!" आणि कोणालाच काही कळलं नाही. मग ऊन डोक्यावर बसलं. आमच्या एका पोराचा पाय जड झाला, इब्रीचा एक निसटला, एक-शून्य. हिलालने रेफरीसमोर गोलपोस्टला बुक्की मारली. पिवळं कार्ड. हाफटाइम.

पोरं सावलीत आडवी पडली. सादिकभाई बेंचमागे गेले. मला वाटलं टॉवेल भिजवायला गेले. बघतो तर फोन लावत होते. दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या, म्हणून फोन खोक्यावर, स्पीकर चालू.

"साबेरा."

"काय वो? आज गुरुवार. मॅच हाय?"

"हाय. साबेरा, ऐक. मी कोच नाय."

सादिकभाई फोनवर आणखी वाकले.

"मी झेरॉक्स काढतो. चार वर्षं. ती व्हिसाची भानगड होती. आज खराच कोच केलाय मना, आणि हरलो की रविवारी घरी. तीस तारखेला येऊ नको. तिकीट कॅन्सल कर. बस, एवढंच सांगायचं होतं."

मी बाटलीचं झाकण लावत उभा होतो. लागलेलं झाकण परत लावत होतो.

"मशीन कुठली?" साबेराभाभींनी विचारलं.

"काय?"

"तुमची मशीन. मोठी की टेबलावरची?"

"मोठी. का?"

"माझी टेबलावरची हाय."

सादिकभाईंच्या हातातली बाटली खाली पडली.

"मी पण झेरॉक्स काढते," भाभी म्हणाल्या. "गेल्या गणपतीपासून. तहसील कचेरीसमोर गाळा घेतलाय, अब्बा बसतात गल्ल्यावर. तुमाला बोलले नाय. म्हटलं, कोचची बायको झेरॉक्स काढते हे मस्कतात बरं दिसायचं नाय."

"मग तुला..."

"दिवाळीत मेकॅनिक आला. म्हणाला, ताई, टोनर संपलाय, ड्रम पण जायला आलाय. मी म्हटलं, कॅप्टन आणि गोलकीपर एकदमच?"

माझ्याकडे बघायची सादिकभाईंना गरज नव्हती. मी आपणहून दोन पावलं मागे गेलो.

"आता रडू नका," भाभी म्हणाल्या. सादिकभाई रडत नव्हते, पण सुरुवात झाली होती. "किती झाले?"

"एक-शून्य. पोरं तापलीत. उभी राहवत नाय त्यांना."

"मग मशीन तापली की तुमी काय करता?"

"थांबवतो. झाकण उघडं ठेवतो, दहा मिनिटं."

"बुक्की मारता?"

"नाय गं."

"मग? माझ्याकडे एकच मशीन हाय, मना गिऱ्हाईक परत पाठवायला लागतं. तुमच्याकडे किती?"

सादिकभाईंनी सावलीत आडव्या पडलेल्या पोरांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. मोजत होते. "अठरा," ते म्हणाले.

"खलास," साबेराभाभी म्हणाल्या. हा शब्द त्यांना फोनवर ऐकून ऐकून पाठ झाला होता. "मी तिकीट ठेवते." आणि फोन कट.

आता एक नियम सांगायला हवा. उन्हामुळे या स्पर्धेत खेळाडू कितीही वेळा बदलता येत. बाहेर काढलेला पोरगा परत आत जाऊ शके. आमच्या एकाही कोचने हा नियम वापरला नव्हता, कारण त्याने लय तुटते, असं ट्युनिशियाचे म्हणायचे. सादिकभाईंना लय माहीतच नव्हती.

दुसरा हाफ सुरू झाला आणि सादिकभाईंनी शिट्टी वाजवली. रेफरी दचकला. "तीन बाहेर, तीन आत!" दहा मिनिटं झाली की पुन्हा, "तीन बाहेर, तीन आत!" बाहेर आलेल्याच्या डोक्यावर ओला टॉवेल, टी-शर्ट वर, पाय खोक्यावर. "झाकण उघडं ठेव!" सादिकभाई मराठीत ओरडायचे आणि ओमानी पोरं बरोबर टी-शर्ट वर करायची. हिलाल बाहेर यायला तयार नव्हता. सादिकभाई मैदानाच्या पांढऱ्या रेषेपर्यंत गेले आणि म्हणाले, "बेटा, बुक्की मारनेसे कभी कॉपी निकला है?" हिलालने विचार केला. बाहेर आला. टॉवेलखाली दहा मिनिटं गप्प बसला. मी त्याला चार वर्षांत इतकं गप्प पाहिलं नव्हतं.

साठ मिनिटं. पासष्ट. सत्तर. इब्रीचे तेच अकरा, आणि त्यातले निम्मे आता कमरेवर हात ठेवून फुटबॉल बघायला लागले होते. इब्रीचे कोच आमच्या बेंचकडे बघत होते, इथे नक्की काय छापलं जातंय ते कळत नसल्यासारखे.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला थंड झालेला हिलाल आत गेला आणि पहिलाच बॉल त्याने बुक्की मारावी तसा डोक्याने मारला. एक-एक! मी जयप्रकाशला मिठी मारली. जयप्रकाश इथे कधी आला ते मला माहीत नव्हतं. त्याच्या खिशातला एक लिफाफा मला टोचत होता, रविवारच्या विमानाच्या चौकशीचा कागद. हा माणूस प्रत्येक मॅचला तो घेऊन येतो.

"फाड ना," मी म्हणालो.

"अभी टाइम है," जयप्रकाश म्हणाला.

ऐंशी. पंच्याऐंशी. याकूबने एक पकडला, एक बोटांनी वर ढकलला. स्टँडमध्ये आमच्या मालकांनी खजूर हातात धरला होता, तोंडात घालायचा विसरून.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला बॉल फैसलकडे आला. कडेला, रेषेला चिकटून. समोर इब्रीचे चार. आणि मी पाहिलं, देवाशपथ पाहिलं, फैसलच्या चेहऱ्यावर तोच भाव आला जो खिडकीपाशी यायचा. ओशाळं हसू, मान किंचित वाकडी, जणू आपण कोणाचाही वेळ घेणार नाही.

सादिकभाई उठून उभे राहिले. "एकच पान!" ते ओरडले. "फैसल, एकच पान!"

पहिला बाजूला झाला. का झाला हे त्यालाही सांगता आलं नसतं. दुसऱ्याने पाय घातला तोवर हा कडेने सरकला होता. तिसरा-चौथा एकमेकांकडे बघत राहिले, याला कोणी सोडलं म्हणून. गोलकीपर पुढे आला. फैसलने बॉल त्याच्या पायांमधून अगदी हळू सरकवला, खिडकीच्या फटीतून कागद सरकवावा तसा.

दोन-एक!

पुढच्या दोन मिनिटांचं मला नीट आठवत नाही. अठरा पोरं सादिकभाईंच्या अंगावर होती आणि त्या ढिगाखालून शिट्टी वाजत होती, कारण ती त्यांच्या तोंडातच राहिली होती. मॅच संपल्यावर जयप्रकाशने लिफाफा फाडला, मग तुकडे गोळा करून खिशात ठेवले. सवय.

मालक, सगळ्यांचे अर्बाब, खाली उतरले. त्यांनी सादिकभाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि मजीद साहेबांना विचारलं, "हा कोच कुठून आणला?"

"अर्बाब, हा चार वर्षांपासून आपल्याकडेच आहे."

मालकांनी बोटांवर मोजलं. "मग बाकीचे चार कशाला आणले?"

मजीद साहेबांनी जयप्रकाशकडे पाहिलं. जयप्रकाशने माझ्याकडे. मी डोंगराकडे.

फायनल पुढच्या गुरुवारी सोहारच्या कॉलेजशी झाली. आम्ही चार-शून्यने हरलो. सोहारला सादिकभाईंचं गुपित कळलं होतं, त्यांनी बावीस पोरं आणली होती. पण करारात नाव फक्त इब्रीचं होतं, त्यामुळे कोणाचंही काहीही झालं नाही. शुक्रवारच्या फोनवर सादिकभाईंनी बायकोला खरा स्कोअर सांगितला, आणि आधीचे कोण रचायचं तेही. भाभी म्हणाल्या, एवढा मोठा हरलेला आकडा इव्हानने कधी दिला नव्हता.

तीस तारखेला त्या आल्या. रविवारी सादिकभाई त्यांना कॉलेज दाखवायला घेऊन आले. परीक्षा जवळ होती, खिडकीबाहेर तीसजणांची रांग होती आणि सगळी रांग एकदम "सलाम, कोच!" म्हणाली. उमामाने गुलाबी बादली सोबत आणली होती, ती तिने मशीनखाली ठेवली. साबेराभाभींनी मशीनला एक फेरी मारली. पुढचं झाकण सराईत हाताने उघडलं.

"हा टोनर?"

"हो," सादिकभाई म्हणाले.

"कॅप्टन."

"हो."

भाभींनी नळी बाहेर काढली, दोनदा हलवून बघितली, परत बसवली आणि झाकण लावलं.

"अजून महिनाभर खेळंल," त्या म्हणाल्या.